बिऱ्हाड वडोदऱ्याला नेताना

माणूस नोकरीसाठी गाव सोडतो ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पण एकट्याने गाव सोडणे आणि बायको-मुलांसह बिऱ्हाड हलविणे यांत मोठे अंतर आहे. एकटा माणूस कोठेही खोली घेतो, खाणावळीत जेवतो, सुटीत घरी येतो. कुटुंब गेले की त्याच्याबरोबर स्वयंपाकघर जाते, देव्हारा जातो, मुलाची शाळा आणि भाषा जाते. त्यातही शेजारच्या ज्या राज्यात जायचे, तेथील चालीरीती आपल्यापेक्षा अधिक कर्मठ आहेत असा समज असेल, तर मनात शंका उठतात. महाराष्ट्रातून गुजरातेत, विशेषतः वडोदऱ्याला जाणाऱ्या तरुण जोडप्यांच्या मनात त्या हमखास उठतात. मुंबईपासून रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटरवर असलेल्या या शहरात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, खतांचे व रसायनांचे कारखाने, औषध कंपन्या आणि अभियांत्रिकी कचेऱ्या यांमुळे मराठी माणसाचे जाणे-येणे सतत चालू असते. सीमाभागात वाढलेल्या आपणा विद्यार्थ्यांपैकीही कित्येकांना उद्या असा प्रसंग येईल. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करणे उपयोगी ठरेल.

प्रथम 'कर्मठ' या शब्दाकडेच पाहू. एखादा प्रदेश कर्मठ आहे असे आपण म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक राज्याचा कायदा, दुसरी गल्लीची रीत आणि तिसरी घराची शिस्त. या तिन्ही एका दिशेने चालतातच असे नाही. वडोदऱ्याचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण आहे.

कायदा पुढे, गल्ली मागे

अठराव्या शतकात गायकवाडांची सत्ता गुजरातेत स्थिरावली आणि तिच्याबरोबर सरदार, शिलेदार, कारकून, शास्त्री, गवई अशी मराठी मंडळी तेथे गेली. शहरात त्यांना 'दक्षिणी' म्हणत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतून आजही मराठी कानावर पडते. महाराज सयाजीराव (तिसरे) यांनी १८७५ ते १९३९ या काळात या संस्थानाला जे रूप दिले ते त्या काळी हिंदुस्थानात दुर्मीळ होते. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू झाले आणि १९०६ साली सर्व संस्थानात लागू झाले. १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. १९३१ साली हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा झाला. शेजारच्या मुंबई प्रांतात तसा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले. म्हणजे १९३५ च्या सुमारास पुण्याहून बडोद्याला संसार थाटायला गेलेली मराठी स्त्री अधिक कर्मठ नव्हे, तर अधिक पुढारलेल्या राज्यात जात होती!

परंतु कायदा पुढारलेला असला म्हणजे गल्लीही पुढारलेली असते असे नाही. १९१७ सालची गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात उतरले. नोकरी होती, पगार होता, महाराजांचा पाठिंबा होता. मिळत नव्हते ते राहायला घर. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशी जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या बागेजवळची जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते.

राजा पुरोगामी असून एका विद्वानाला शहरात छप्पर मिळाले नाही, याचा अर्थ असा की स्थलांतराचा खरा निकाल कचेरीत लागत नाही, तो घरमालकाच्या उंबरठ्यावर लागतो. ही गोष्ट शंभर वर्षांत पुष्कळ बदलली; पण पूर्णपणे नाही.

घर मिळविताना

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. प्रत्यक्षात दलाल पहिल्या भेटीत जे विचारतो ते वेगळेच असते : घरात किती माणसे, आडनाव काय, आणि खाणे कोणते? शेवटचा प्रश्न गुजरातेत अधिक उघडपणे विचारला जातो. २०१४ च्या सरकारी नमुना पाहणीत गुजरातेतील सुमारे ६१ टक्के प्रौढ शाकाहारी आढळले; महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते आणि कर्नाटकात त्याहूनही बरेच कमी. याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की गुजरातेत दर दहा माणसांत जवळजवळ चार माणसे मांसाहारी आहेत. तेव्हा मासळी खाणाऱ्या कोकणी कुटुंबाला वडोदऱ्यात घर मिळतच नाही असे नाही; फक्त कोणत्या सोसायटीत विचारायचे हे पाहावे लागते. जुन्या मराठी वस्तीच्या आसपास, किंवा ज्या वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांचे कारखान्यातले लोक राहतात तेथे, ही अडचण कमी येते. खाणे लपवून घर घेऊ नये. चोरून तळलेल्या बोंबलाचा वास जिन्यातून खाली जातोच, आणि मग भाडेकरार अकरा महिन्यांचाही टिकत नाही!

धर्म आणि जात यांचा प्रश्न मात्र वासावर थांबत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या खटल्यात असा निकाल दिला की, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम अशी संस्था करू शकते. गुजरातेत १९९१ पासून 'अशांत क्षेत्र' कायदा आहे. जाहीर केलेल्या भागात घर-जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. वडोदरा शहराचे काही भाग या कायद्याखाली येतात. दंग्यांच्या भीतीने लोकांनी पडत्या भावात घरे विकू नयेत हा त्याचा सांगितलेला हेतू. त्यामुळे धर्मवार वस्त्या अधिकच घट्ट होतात हा त्यावरचा आक्षेप. २०२४ साली वडोदऱ्याच्या हरणी भागात सरकारी योजनेतील एका वसाहतीत एका मुस्लिम स्त्रीला मिळालेल्या सदनिकेविरुद्ध रहिवाशांनी निदर्शने केली. १९१७ चा बागेतला प्रसंग आणि २०२४ ची ही निदर्शने शेजारी ठेवून पाहावीत. माणूस बदलला, धर्म बदलला, प्रश्न तोच राहिला : शेजारी कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आणि हा प्रश्न फक्त गुजरातचा आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. आपल्या गावात भाड्याची खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोणत्या शब्दांत विचारला जातो, हे आपणांस ठाऊक आहेच.

घर विकत घ्यायचे असल्यास तो भाग अशांत क्षेत्रात आहे का, हे आधी विचारावे. आंतरधर्मीय जोडप्याने २००३ च्या गुजरात धर्मस्वातंत्र्य कायद्याची माहिती करून घ्यावी. धर्मांतरासाठी त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी सांगितली आहे. २०२१ साली त्यात विवाहासंबंधी कलमे आली. त्यांतील काहींना त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली.

दारूबंदी

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची दोन लेकरे दोन घरांत वेगळी वाढली. १९६० साली राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने बंधने सैल केली, गुजरातने ती राखली. गुजरातेत परवान्यावाचून दारू बाळगणे वा पिणे हा गुन्हा आहे. सामान हलविताना कपाटातली उरलेली बाटली खोक्यात राहिली, तरी ती राज्याच्या सीमेवर अडचणीत आणू शकते. प्रकृतीच्या कारणास्तव किंवा पाहुण्यांसाठी परवाने मिळतात. पण त्यांच्या अटी आहेत. पुष्कळ गृहिणी या बंदीचे मनापासून स्वागत करतात. बंदी असूनही चोरटी दारू मिळते, हेही तितकेच खरे.

मुलाची शाळा

तरुण कुटुंबाचा सर्वांत नाजूक प्रश्न हा. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीत प्रवेशासाठी १ जून रोजी मुलाला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात २०२० च्या निर्णयाने ३१ डिसेंबर ही तारीख धरली गेली. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेल्या मुलाचे एक वर्ष मागे पडण्याचा संभव असतो. बदलीची तारीख निवडणे हाती असेल, तर हा हिशेब आधी करावा.

भाषेचे म्हणाल तर २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकविणे सक्तीचे झाले. महाराष्ट्रानेही २०२० साली मराठीबाबत हेच केले, आणि कन्नडबाबत कर्नाटकाने २०१५ साली. स्वतःच्या भाषेसाठी जे आपण न्याय्य मानतो ते शेजाऱ्याच्या भाषेसाठी अन्याय्य कसे ठरेल? शिवाय गुजराती मराठी मुलाला जड जात नाही. लिपीवर शिरोरेषा नाही एवढेच प्रथम डोळ्याला खटकते. गंमत होते ती ओळखीच्या शब्दांनी. आपली 'भाजी' तिकडे 'शाक' होते आणि 'भाजी' म्हटले की फक्त पालेभाजी समजतात. 'जमणी बाजू' म्हणजे जेवणाची बाजू नव्हे, उजवी बाजू. 'वार लागशे' ऐकून घाबरू नये; कोणी वार करीत नाही, फक्त उशीर होणार असतो.

मराठीची जबाबदारी मात्र घरावर येते. घटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय सांगितली आहे. हे कलम सीमाभागात आपणांस पाठ आहे. पण शाळेतील वर्ग पालकांच्या इच्छेवर चालतो, आणि पालकांनी इंग्रजी माध्यम पत्करल्यावर कलम एकटे काय करणार? वडोदऱ्यात मराठीला परंपरेची कमतरता नाही. मराठी साहित्य संमेलन तेथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली भरले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे. २०११ च्या जनगणनेत गुजरातेत नऊ लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदविली. गणेशोत्सव धूमधडाक्याने होतो, आणि मिसळीची धाकटी बहीण शोभावी अशी 'सेव-उसळ' हा तर शहराचा लाडका पदार्थ झाला आहे.

कागदपत्रे

येथे थोडक्यात सांगतो. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायचे असेल तर मूळ परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला घेऊन नवी नोंदणी करावी लागते. मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे अन्नसुरक्षा योजनेतील पात्र कुटुंबाला धान्य परराज्यातही घेता येते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरक्षणाची. घटनेच्या ३४१ व ३४२ कलमांनुसार अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एका राज्यातील हा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात आपोआप जात नाही. दोन्ही याद्यांत जातीचे नाव सारखे असले तरीसुद्धा. इकडे सवलतीस पात्र असलेल्या कुटुंबाचे मूल तिकडे खुल्या गटात धरले जाऊ शकते. नोकरीचे पत्र स्वीकारण्यापूर्वीच याचा विचार व्हावा, कारण ही किंमत आई-बाप नव्हे तर मूल मोजते.

दोन टोके टाळावीत

नव्या राज्यात गेलेली माणसे बहुधा दोन टोकांना जातात. काही आपल्याच मंडळात बसून 'आमच्याकडे असे नव्हते' हे पालुपद आळवितात. काही वर्षभरात इतकी बदलतात की आजीशी बोलायला नातवाला दुभाषा लागतो. 'देश तसा वेश' ही म्हण वेशापुरती खरी आहे. शेजारच्या काकींच्या जिन्यात त्यांच्या सोवळ्याचा मान राखावा, त्यांच्या सणाला जावे, त्यांची भाषा बोलावी. आणि हेही पाहावे की ज्या शहराला आपण कर्मठ म्हणतो तेथे नवरात्रात मुली-सुना मध्यरात्रीपर्यंत निर्धास्तपणे गरबा खेळून घरी येतात. आपल्या कित्येक 'पुढारलेल्या' गावांत हे घडत नाही.

पण रीतीचा मान राखणे निराळे आणि अन्यायाला मान डोलावणे निराळे. एखाद्याला आडनावावरून घर नाकारले जात असता आपण नवखे म्हणून गप्प बसलो, तर सयाजीबागेतल्या त्या संध्याकाळपासून आपण काही शिकलो नाही असेच म्हणावे लागेल. उद्या आपणांपैकी कोणी वडोदऱ्यात, बंगळुरात किंवा आणखी कोठे बिऱ्हाड मांडील, घर मिळवील, पुढे कदाचित सोसायटीच्या कमिटीवरही बसेल. त्या दिवशी दाराशी आलेल्या नव्या भाडेकरूला तो कोणता प्रश्न आधी विचारतो, यावरून त्याच्या शिक्षणाची परीक्षा होईल.