चकाकीचा घसारा

वडिलांचे वा आजोबांचे जुने फाउंटनपेन हाती आले की पहिला मोह होतो तो ते चकचकीत करण्याचा. परंतु पॉलिश करणे म्हणजे झळाळी चढवणे नव्हे. बारीक भुकटीने पृष्ठभागाचा थर खरवडून काढणे होय. अर्थशास्त्रातील ‘घसारा’ येथे शब्दशः घडतो.

म्हणून पेन कशाचे आहे, हे आधी ओळखावे. रबरात भरपूर गंधक मिसळून केलेले एबोनाइट उजेडाने तपकिरी पडते आणि पाण्यात भिजवल्यास अधिकच विटते. तो थर घासला तर काळेपणा परततो खरा. पण त्याबरोबर दांडीवर कोरलेले नाव आणि नक्षीही झिजते. सेल्युलॉइड अ‍ॅसिटोनने विरघळते. जोराने चोळण्याची उष्णताही त्याला मानवत नाही. १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ चे अ‍ॅक्रिलिक त्या मानाने सोशिक. प्लास्टिकसाठीचे सौम्य पॉलिश त्याला पुरते. क्लिपवरचा सोन्याचा मुलामा मात्र इतका पातळ असतो की, पितळेच्या भांड्यांचे पॉलिश फिरवताच खालचा धातू उघडा पडावा. तेथे मऊ कापडच बरे.

चकाकी उद्याही आणता येईल. झिजून गेलेले नाव परत येणार नाही. ज्या भांडवलाची भरपाई होत नाही, ते जपून खर्चावे, हाच येथला हिशेब.