छायाचित्राच्या पोटातील दप्तर

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्राच्या फाइलीत, दृश्याखेरीज, ते कोणत्या यंत्राने, शटर १/२५० सेकंद की १/१५ सेकंद उघडे ठेवून, एफ/८ की एफ/२.८ इतक्या छिद्राने आणि किती आयएसओवर घेतले, याची नोंद सहसा दप्तरदाखल झालेली असते. ‘एक्झिफ’ नामक ही पद्धती जपानी उद्योगसंघटनेने १९९५ साली सिद्ध केली. विंडोज संगणकावर फाइलीवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ उघडले की हे दप्तर वाचावयास मिळते. अस्पष्ट आलेल्या चित्राबद्दल भिंगाला दोष देण्यापूर्वी नवशिक्याने तेथील शटरचा आकडा अवश्य पाहावा. १/१५ सेकंदात हात हलणे हे अगदी स्वाभाविक होय. तारीख-वेळेवर मात्र सर्वस्वी भिस्त ठेवू नये, कारण घड्याळ चुकलेले असल्यास कॅमेरा ती चुकीची वेळही इमानेइतबारे लिहितो. मोबाइलच्या चित्रांत अक्षांश-रेखांशही असू शकतात, ही बाब चित्र परक्याच्या हाती देताना ध्यानी असावी.