हर्पीस: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्यातल्या एकाला जननेंद्रियावर फोड येतात, डॉक्टर हर्पीसचं नाव घेतात आणि घरात आजार बाजूला राहून चारित्र्याची चौकशी सुरू होते. अशा संशयापायी संसार मोडू शकतात, म्हणून पहिल्यांदा हे सांगायला हवं: पहिला फोड आज दिसला म्हणजे लागण आत्ताच झाली, असं मुळीच नाही. हा विषाणू एकही खूण न दाखवता वर्षानुवर्षं शरीरात राहू शकतो. ज्यांच्या अंगात तो आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. लागण कधी झाली आणि कुणाकडून झाली, हे कुठल्याही रक्ततपासणीतून कळत नाही.

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातल्या कुणी प्रेमाने घेतलेल्या पापीतूनही. जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, म्हणजे तिघांपैकी जवळजवळ दोघांमध्ये. एचएसव्ही-२ मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो आणि १५ ते ४९ या वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये आढळतो. पण ओठावरचा पहिला प्रकार मुखमैथुनातून जननेंद्रियावरही जातो. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या माणसालाही तिथे हर्पीस होऊ शकतो, तो असा.

ताप उतरता उतरता ओठाच्या कडेला फोड येतात, तोही हाच विषाणू. आपल्याकडे त्याला ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ म्हणतात किंवा रात्री कोळी अंगावरून गेला म्हणतात. आधी ओठावर एका जागी चुरचुरतं, मुंग्या येतात. काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी तिथे टाचणीच्या डोक्याएवढ्या पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. ते फुटतात, ओलसर जखम होते, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत डाग न ठेवता सगळं बरं होतं. बरं होतं ते कातडीवर. विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठीत निपचित पडून राहतो, चेहऱ्याचा असेल तर कानाजवळ कवटीच्या आत, जननेंद्रियाचा असेल तर पाठीच्या कण्याच्या तळाशी. ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी यांपैकी काहीतरी निमित्त होतं आणि तो त्याच मज्जातंतूवरून पुन्हा कातडीशी येतो. म्हणून फोड दरवेळी साधारण त्याच जागी येतात. आंबा, पपई आणि गूळ यांच्यावर मात्र उगाच आळ येतो.

हर्पीसशी गल्लत होणारी ‘नागीण’ हा निराळा आजार आहे. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा उठतो आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, या समजुतीला कसलाही आधार नाही. गेरूचा लेप आणि मंत्र यांत गेलेले पहिले तीन दिवस मात्र खरोखर महत्त्वाचे असतात, कारण नागिणीवरच्या गोळ्या तेवढ्यातच सुरू कराव्या लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ रक्ताच्या तपासणीचा आहे. दोन-तीन वेळा दिवस जाऊन गर्भ पडला की कित्येक ठिकाणी बाईची ‘टॉर्च’ तपासणी करायला सांगतात. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस यांची ही एकत्र तपासणी. रिपोर्टवर हर्पीससमोर ठळक अक्षरांत ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ छापून येतं आणि सासरी सगळे समजतात की मूल न राहण्याचं कारण सापडलं, दोष सुनेच्या रक्तात आहे. आयजीजी म्हणजे विषाणू पूर्वी कधीतरी शरीरात आल्याची खूण, बाकी काही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाही दहा जणींचं रक्त तपासलं तर बहुतेकींचा रिपोर्ट तसाच येईल. नव्या लागणीची खूण समजली जाणारी आयजीएमही हर्पीससाठी भरवशाची नाही: जुना विषाणू पुन्हा उठला तरी ती पॉझिटिव्ह येते, कधी दुसऱ्याच विषाणूमुळे येते. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण या तपासणीतून सापडत नाही. या कागदावरून कुणा बाईला महिनोन्‌महिने औषधं देणं आणि त्याहून वाईट म्हणजे दोष देणं, हा सरळ अन्याय आहे. फोड असेल तर ताज्या फोडातलं पाणी घेऊन पीसीआर तपासणी करावी. फोडच नसेल तर सहसा तपासणीची गरज नसते.

हर्पीसचा विषाणू पसरतो कातडीला कातडी किंवा ओल्या त्वचेला ओली त्वचा लागून. शौचालयाची सीट किंवा पोहण्याचा तलाव यांतून तो लागत नाही, बाहेर तो फार टिकतच नाही. उलट कुस्तीत तो लागू शकतो. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना अंगावर आणि चेहऱ्यावर हर्पीस झाला होता. तालमीतल्या वस्तादांनी तोंडावर फोड असलेल्या पठ्ठ्याला खपली पडेपर्यंत आखाड्याबाहेर ठेवावं. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येतो आणि पुष्कळदा लागण तेव्हाच होते. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. जोडीदाराशी मोकळेपणाने बोलावं ते यासाठी.

‘यावर औषधच नाही’ हेही अर्धसत्य आहे. विषाणू शरीरातून कायमचा घालवता येत नाही आणि लसही अजून नाही. पण ॲसायक्लोव्हिर हे चांगलं औषध आहे. ज्या संशोधनातून ते आलं, त्यातल्या गरट्रूड एलियन यांना १९८८ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. ते औषध प्रामुख्याने विषाणू शिरलेल्या पेशीतच जागं होतं, कारण त्याला चालू करणारं विकर विषाणूच बनवतो. म्हणून ते सहसा सोसतं. गोळ्या मुंग्या आल्याआल्या सुरू केल्या तर दुखणं कमी दिवसांत आटोपतं. खपली धरल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर रोजची गोळी देतात, त्याने जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही जवळपास निम्म्यावर येतो. मेडिकलमधून आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं खाजेचं मलम मात्र फोडांवर लावू नये, त्याने विषाणूला मोकळं रान मिळतं.

जिथे खरंच घाबरायला हवं, तिथे आपण बेफिकीर असतो. बारशाला आलेल्या पाहुण्याच्या ओठावर फोड असतो आणि तो बाळाची पापी घेतो. नवजात बाळाला हर्पीस क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. ओठावर फोड असलेल्याने, मग ती सख्खी आजी का असेना, बाळाचा मुका घेऊ नये. गरोदर बाईला जननेंद्रियावर फोड येत असतील तर तिने लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा झालेली लागण सर्वात धोक्याची असते.

डोळा लाल झाला, दुखतो, उजेड सोसत नाही, तर बुबुळावर हर्पीसची जखम असू शकते. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब अशा डोळ्यात घातले तर दृष्टी जाऊ शकते. डोळ्यांचा डॉक्टरच गाठावा.

मेंदूला होणारा हर्पीस दुर्मीळ आहे. धडधाकट माणसाला ताप येतो, डोकं दुखतं, मग तो असंबद्ध बोलायला लागतो, घरच्यांना ओळखत नाही, झटके येतात. पुष्कळ घरांत याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेलं जातं. उपचार न झाल्यास यातले सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. अशा रुग्णाला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यावं. तिथे ॲसायक्लोव्हिर शिरेतून १४ ते २१ दिवस देतात आणि नुसता संशय असला तरी तपासणीचा रिपोर्ट येण्याची वाट न पाहता पहिला डोस सुरू करतात.