‘एकच प्याला’ : अविचाराची किंमत कोण देते?

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे मराठीतील श्रेष्ठ शोकांतिका म्हणून शिकविले जाते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. त्यानंतर महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दारूच्या एका प्याल्याने संसाराची धूळधाण होते, असे त्याचे सार विद्यार्थी पाठ करतात. मला हे सार अपुरे वाटते.

सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. भर कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, संतापाच्या भरात त्याचा तोल जातो आणि काही काळासाठी त्याची सनद जाते. तळीराम त्याच्यापुढे दारू धरतो ती यानंतर. म्हणजे सुधाकराचा पहिला प्याला दारूचा नाही, रागाचा आहे. सनद काही काळाने परत मिळाली असती. नुकसान भरून येण्यासारखे होते. परंतु झालेला अपमान त्याला त्या क्षणीच विसरायचा होता. एका अविचाराचे दुःख विसरण्यासाठी दुसरा अविचार, अशी ती साखळी आहे. पुढे तो दारू सोडतोही, काम मागत फिरतो. पण ओळखीच्यांनी तुच्छतेने झिडकारताच पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा अपमान आधी येतो, दारू नंतर.

ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या ईडिपसचेही असेच आहे. वाटेवरच्या भांडणात तो रागाच्या भरात एका वृद्धाला ठार करतो. तो वृद्ध त्याचा बाप होता, हे त्याला फार उशिरा कळते. शोकांतिका आपल्याला हेच दाखविते, की कृती क्षणाची असते, परिणाम मात्र त्या क्षणाचे मोजमाप पाळत नाही.

पण परिणाम कोणावर होतो? हा प्रश्न आमच्या समीक्षेने पुरेसा विचारलेला नाही. नायकाच्या पतनाने तिचे डोळे इतके भरून येतात, की बाकीचे तिला दिसत नाही. सनद सुधाकराची गेली, दळण मात्र सिंधूला दळावे लागले. दारूच्या धुंदीत तो काठी उगारतो. तान्हे मूल मरते आणि सिंधू मरणाच्या दारी जाते. मी परभणी जिल्ह्यातल्या पेडगावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. नवऱ्याची मजुरी हातभट्टीवर गेल्यावर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊन चूल पेटविणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांच्या दुःखाला बालगंधर्वांचा गळा मिळाला नाही, एवढाच फरक. आणि आणखी एक : वकील प्याला तर ती शोकांतिका होते, मजूर प्याला तर ‘ही माणसे अशीच’ असा निकाल लागतो.

शेवटी फौजदार येतो तेव्हा आपण स्वतःच पडलो, असे मरता मरता सिंधू सांगते. प्रेक्षक गहिवरतात. मला मात्र तेथे धर्माने शिकविलेला पातिव्रत्याचा पाठ ऐकू येतो. सुधाकराच्या प्रत्येक अविचारावर ती पांघरूण घालत आली, हे त्यातले शेवटचे. ज्याच्या कृतीची किंमत दुसरा मुकाट्याने देतो, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. पुढे सुधाकर विषाचा प्याला पितो, पण तोवर वाचविण्यासारखे काही शिल्लक नसते. तळीरामाची बायको गीता फटकळ आहे म्हणून तिच्यावर हसू येते. वस्तुतः नाटकातले निखळ शहाणपण पुष्कळदा तिच्याच तोंडी आहे.

वर्गात विद्यार्थी दरवर्षी विचारतात, “सर, मग अपमान सहन करायचा काय?” हा प्रश्न आमच्या मुलांचा आहे, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर या नाटकात नाही, महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेला आलेल्या आमच्या माणसांवर सवर्णांनी हल्ला केला. डोकी फुटली. लोक प्रतिकाराला सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा तळ्यावर जाणे तहकूब झाले. परंतु २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आमच्या बाजूने दिला. दहा वर्षे! ज्या बडोद्यात ‘एकच प्याला’ प्रथम उभे राहिले, त्याच शहरात १९१७ साली बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. सुधाकराला झालेला अपमान त्यापुढे किती लहान!

म्हणून राग गिळा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. राग गिळणारा गुलाम राहतो आणि राग ओकणारा सुधाकर होतो. रागाला विचाराची, संघटनेची जोड देणे हा तिसरा मार्ग आहे. सुधाकराच्या पाठीशी श्रीमंत सासर होते, मित्र होते. तरी त्याला एक चूक पेलली नाही. आमच्या मुलाची एक सनद, एक नोकरी ही दोन पिढ्यांच्या मजुरीवर उभी असते. ती क्षणाच्या संतापात गेली, तर किंमत घरातली सिंधूच देते. आणि ज्याने अपमान केला तो मात्र सुरक्षित राहतो.