चूर्णाआधी सूर

‘मुलगा फार चिडतो, एखादे चूर्ण द्या,’ अशी मागणी औषधालयात नेहमी येते. बारा-तेराव्या वर्षी मनातील भीती वा संताप शब्दांत मांडणे अवघडच. १८७२ पासून धूतपापेश्वरच्या औषधनिर्मितीने ख्यात झालेल्या पनवेलमध्ये राहूनही आम्हांस एका गोष्टीचा विसर पडतो : रुग्णगृहाची सिद्धता सांगताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात औषधांसोबत गायन-वादनकुशल माणसेही सांगितली आहेत. समूहगायनात दुसऱ्याचे ऐकणे, आपल्या पाळीसाठी थांबणे, श्वास आवरणे यांचा अभ्यास घडतो. नंतर ‘काय वाटले?’ हे विचारणे सोपे जाते. हे सत्त्वावजयाचेच अंग मानावे. संगीत औषधाला पर्याय नव्हे. आत्मघाताचे विचार वा दीर्घ औदासीन्य दिसताच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. परंतु पुडी बांधण्याआधी मुलाचे मौन सुटावे, हे पाहणे आमचे कर्तव्य होय.