चौथीनंतर कुठे?



पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा अनेकदा चौथीपर्यंतच असते. पुढे दूरची खासगी माध्यमिक शाळा. ‘खासगी’ ऐकूनच आईबाप कचरतात आणि मूल, विशेषतः मुलगी, घरी राहते.

खासगी शाळा दोन प्रकारच्या असतात. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके व पोषण आहार मोफत मिळतो. विनाअनुदानित शाळेत फी लागते. शिक्षण हक्क कायद्यातला २५ टक्के मोफत प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतो, पाचवीला नाही. म्हणून आधी विचारावे: शाळा आणि तुकडी अनुदानित आहे का?

दुसरी गोष्ट दाखल्याची. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. तो उशिरा मिळाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या कायद्याचे कलम ५ तसे सांगते. दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख व जमात तिथेच वाचून घ्यावी. जमातीची हीच नोंद पुढे जातपडताळणीत पाहतात.

येत्या जूनमध्ये अशा एका कुटुंबासोबत शाळेपर्यंत चला. सोबत कुणी असले की आईबाप प्रश्न विचारायला धजतात.