इंजिनाची जीर्ण नळी : वेळीच बदलावी, घरीही बदलता येते

मोटारीने लांबच्या प्रवासाला निघताना टायरची हवा, ब्रेक आणि इंधन आपण आवर्जून पाहतो. बोनेटखालच्या काळ्या रबरी नळ्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. गॅरेजच्या भाषेत या नळ्यांना ‘होज पाइप’ म्हणतात. इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या वरच्या व खालच्या अशा दोन मोठ्या नळ्यांतून शीतक द्रव, म्हणजेच कूलंट, अखंड फिरत असतो. यांपैकी एक जरी फुटली, तरी काही मिनिटांत इंजिन तापते आणि गाडी वाटेतच थांबवावी लागते.

ती कुठे थांबेल, हा खरा प्रश्न आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. पवारांच्या संस्थानामुळे मराठी माणसाच्या परिचयाचा असलेला हा जिल्हा मांडूच्या निमित्ताने आजही आपल्याकडच्या प्रवाशांना खुणावतो. याच जिल्ह्यात पीथमपूर ही मोटार उद्योगाची मोठी वसाहत आहे. वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेली ११.३ किलोमीटर लांबीची वेगवान धावपट्टी तेथे २०२१ मध्ये सुरू झाली. माळव्याच्या पठारावरून घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वळले, की बाघ, कुक्षी, गंधवानी हा आदिवासीबहुल ग्रामीण मुलूख लागतो. मे महिन्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो. आपल्या गाडीच्या मापाची नळी अशा आडगावी तत्काळ मिळेल, याचा भरवसा धरता येत नाही. गोव्याबाहेर पडताना चोर्ला किंवा अनमोड घाटातही हीच अडचण येऊ शकते. म्हणून तपासणी घरीच झालेली बरी.

नळी का बिघडते, हे आधी समजून घेऊ. शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कूलंट आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब टिकून राहतो आणि हा उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्याही पुढे जातो. चढावर ए. सी. लावून चालणारी गाडी या सवलतीवरच तग धरते. नळीला भेग पडली की दाब नाहीसा होतो आणि तेच कूलंट लगेच उकळू लागते. पुरेसे कूलंट वाहून गेले, तर तापमापकाचा संवेदक द्रवाऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा चक्क खाली आलेला दिसू शकतो. त्या काट्यावर विसंबून गाडी हाकत राहिल्यास सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते. काही शे रुपयांच्या नळीपायी मग दुरुस्तीचा खर्च हजारोंच्या घरात जातो.

उष्णता, ओझोन आणि गळणारे इंजिन ऑइल हे रबराचे उघड शत्रू. चौथे कारण मात्र बाहेरून दिसत नाही. धातूचे तोंड, कूलंट आणि रबर यांच्यात सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया घडून नळीला आतल्या बाजूने बारीक भेगा पडतात, त्याही बहुधा टोकांजवळ. त्यामुळे बाहेरून नळी चकचकीत दिसली, तरी इंजिन पूर्ण थंड असताना ती टोकांपाशी बोटांनी दाबून पाहावी. चांगली नळी घट्ट पण लवचीक लागते. ती स्पंजासारखी मऊ लागली, दाबताच करकरली, दगडासारखी कडक झाली, फुगली किंवा क्लॅम्पजवळ पांढरा-हिरवट थर दिसला, तर ती बदलावी. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत क्लॅम्पही गंजतात. नळीबरोबर तेही नवे घालावेत.

नळी विकत घेताना गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे आणि शक्यतो जुन्या नळीशी व्यास, लांबी व वळण ताडून पाहावे. सरळ नळी वाकवून बसवू नये. ती वळणावर मुडपते आणि प्रवाह अडतो.

कामासाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन किमान तीन-चार तास थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते कूलंट कारंज्यासारखे उसळून चेहरा आणि हात भाजतात. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा विजेचा पंखा सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे.

नंतर झाकण काढून, खाली पसरट भांडे ठेवून कूलंट काढून घ्यावे. क्लॅम्प कुठे व कोणत्या दिशेने होता, याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. स्क्रूचा क्लॅम्प पेचकसाने आणि स्प्रिंगचा पकडीने सैल करून मागे सरकवावा. नळी ओढू नये, हलक्या हाताने पिळून सोडवावी. आजच्या अनेक गाड्यांत रेडिएटरचे तोंड प्लास्टिकचे असते आणि हिसक्याने ते तुटते. नळी चिकटलीच असेल, तर तिला लांबीच्या दिशेने चीर द्यावी. पाते तोंडाला लागू देऊ नये.

तोंड फडक्याने स्वच्छ पुसावे. नवे क्लॅम्प आधी नळीवर ओवावेत. नळीचे टोक कूलंटने किंचित ओले केले की ते सहज सरकते. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे नळी पूर्ण जाईल अशी बसवावी आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या मागे घट्ट करावा. वाजवीपेक्षा जास्त आवळल्यास रबर कापले जाते.

कूलंट कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. रंगावरून निवड करू नये. तीव्र कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. बॅटरी जोडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करावे, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते. नळी तापून पंखा एकदा फिरेपर्यंत जोडांवर नजर ठेवावी. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी पाहावी आणि छोट्या फेरीनंतर स्क्रूचे क्लॅम्प एकदा तपासावेत.

काढलेले कूलंट गटारात, विहिरीजवळ किंवा अंगणात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्री, मांजरे, लहान मुले त्याला भुलतात. ते बंद डब्यात भरून गॅरेजच्या स्वाधीन करावे.

इंजिनाच्या मागे दडलेल्या नळ्या मात्र मेकॅनिककडेच सोपवाव्यात. इंधनाच्या नळीचे रबर वेगळे असते. तिथे कूलंटची नळी कधीही वापरू नये, त्यातून आग लागण्याचा धोका असतो.

वाटेत नळी टोकाजवळ फाटली आणि लांबी पुरेशी असेल, तर फाटका भाग कापून ती पुन्हा बसवता येते. मधोमध फाटल्यास स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन पट्टी जवळच्या गॅरेजपर्यंत नेते, त्यापुढे नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, तासभर थांबावे. चार-पाच वर्षे जुनी नळी असलेल्या गाडीने दूर निघायचे असेल, तर दोन क्लॅम्प, एक पेचकस आणि वरची एक नवी नळी डिकीत असू द्यावी.